मुखपृष्ठ बदललं तरी

दि. ९ ऑक्टोबर, सकाळ

श्री. भाऊजी यांस,
नमस्कार. आम्ही ठीक. तुमचं दुकान आणि तुमचा गुडघा दोन्ही चालत असतील. माझी धाकटी बहीण माझ्याकडे मजेत आहे. बायको परत कधी येणार, हा तुमचा निरोप मिळाला. त्याकडे येतोच.

आधी तुमची पाटी. औषधाच्या दुकानात, सगळ्यांना दिसेल अशी लावलीत म्हणे : ‘साठीपुढच्यांना फ्लूची लस नको. शरीर जुना फ्लू ओळखते.’ वा! माझी लेक प्रयोगशाळेत यावरच काम करते. ती जेवताना सांगत होती तेव्हा तुम्ही दोनदा वाढून घेतलंत, एकदा पेंगलात, आणि मधे जे कानात शिरलं त्याची पाटी रंगवलीत. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे पाहिले होते. तुम्ही नुसत्या वासानं झालात.

पुन्हा सांगतो. लहानपणी आमच्या वाचनमालेचं मुखपृष्ठ दरवर्षी बदलायचं, आतल्या कविता त्याच. फ्लूचा विषाणू तसाच लबाड. वरचं रूप बदलतो आणि त्या रूपावर नजर ठेवणाऱ्या प्रतिपिंडांना चकवतो. मदतनीस टी पेशी मुखपृष्ठावर विसंबत नाहीत. दुसऱ्या पेशी विषाणूचे तुकडे करून त्यांच्यापुढे धरतात. त्यात आतला, फारसा न बदलणारा तुकडा दिसला की या म्हणतात, ‘अरे, हा तर तोच!’ आमचे गुरुजी मधल्याच ओळीतले दोन शब्द उच्चारायचे आणि अख्खा वर्ग कविता म्हणू लागायचा. अजून डोळे मिटले की तो सूर कानात येतो. असो. तुम्ही कवितेला जांभई देणारे.

आता तुम्ही पेंगलात तो भाग. ओळखणं म्हणजे अडवणं नव्हे. या पेशी इतरांना लढायला उठवतात. ताप यायचा तो येऊ शकतो. आणि म्हातारपणी ओळ आठवली तरी ओठांवर यायला वेळ लागतो. लस म्हणजे यंदाच्या मुखपृष्ठाची ओळख आणि जुन्या ओळींची उजळणी.

गेल्या हिवाळ्यात धाकटी प्राणवायूवर होती. तिच्या पेशींनी फ्लू ओळखला असेल हो. तुम्हाला तिची धाप ओळखता आली नाही. ‘नाटकं करते,’ म्हणालात. घरी आल्यावर वर शहाणपण : ‘आता होऊन गेलाय, तू पक्की झालीस.’

मंगळवारी तिनं इथे लस घेतली. दंड चोळत बाहेर आली आणि म्हणाली, “दादा, एवढंच होतं? एवढ्यासाठी मी त्यांची परवानगी मागत बसले?”

तर, कधी येणार. ती लोकरीचे कपडे घेऊन आली आहे. बॅग उघडली तेव्हाच मी समजलो. थोरल्यानं समजूत घालायची असते; मी घातली नाही. काल म्हटलं, पाटी उतरवली तर ती येईल, असं लिहू का?

“तसं मुळीच लिहू नकोस,” ती म्हणाली. “पाटी उतरवा म्हणून लिही. गिऱ्हाइकं त्यांचा शब्द खरा मानतात, कुणीतरी जीवानिशी जाईल. माझं वेगळं. मी येणार नाही.”

दोन्ही निरोप पोचवले. पहिल्यावर आजच हात चालवा. दुसऱ्यावर तुमचा इलाज नाही.

‘आपला’ असं लिहायची आयुष्यभराची सवय. आज हात धजत नाही.

धाकटीचा,
दादा