कच्च्या फळाचे उपकार

तीर्थरूप अप्पा,

तुमच्या दोन्ही पायांना माझा नमस्कार. त्यातल्या डाव्या गुडघ्याला जरा हळुवार, कारण गारठा वाढला की तो कुरकुरतो असे तुमच्या कन्येकडून कळले. (सांध्यांचे दुखणे आणि हवेचा दाब यांच्या संबंधावर मी तुमच्यासाठी एक स्वतंत्र पान लिहायला घेतले होते. ते तिने माझ्या हातातून काढून घेतले. गुडघा अप्पांचा आहे, त्यांना तो दुखतो हे ठाऊक आहे, असे तिचे म्हणणे.) तुमची झोप, भूक आणि कानातले यंत्र सुरळीत चालू असेल अशी आशा आहे. आम्ही इकडे सुखरूप आहोत आणि माझी जीभ पुन्हा मूळ मापाची झाली आहे. या शेवटच्या वाक्याने तुम्ही दचकला असाल, म्हणून सारे क्रमाने सांगतो. तुम्ही दिलेल्या वेलीला फळ आले, आणि त्या फळाबद्दल तुमचे मनापासून आभार मानावेत एवढाच या पत्राचा हेतू आहे.

आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा तुम्ही ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गाठीचा तुकडा घेऊन आला होता. जहाजावर असताना कुठल्याशा बेटाच्या बंदरातून तुम्ही ही वेल आणली, तुमच्या परसात वाढवली, आणि तिचाच हा तुकडा आमच्या मागच्या भिंतीपाशी स्वतःच्या हाताने पुरलात. मॉन्स्टेरा हे तिचे नाव मी नंतर शोधून काढले. भोकाभोकांच्या मोठ्या पानांची ही वेल लोक दवाखान्यात आणि बँकेत शोभेला ठेवतात. तिला खाण्याजोगे फळ येते याची त्यांना कल्पनाही नसते. तुम्ही जन्मभर जहाजाच्या बिनतारी खोलीत बसून संदेश पाठवलेले, त्यामुळे शब्द मोजून वापरण्याची तुमची सवय. जाताना फाटकापाशी तुम्ही एवढेच म्हणालात, "फळ येईल. घाई नको." अप्पा, मी अध्यापक महाविद्यालयात भावी शिक्षकांना स्पष्टीकरणाचे कौशल्य शिकवतो. इतक्या त्रोटक सूचनेवर मी कुणालाही उत्तीर्ण केले नसते. आज वाटते, त्या सूचनेत एक अक्षर कमी नव्हते.

परदेशी फळांचा माझा नाद तुम्हाला ठाऊक आहेच. ड्रॅगन फळासाठी उभारलेल्या सिमेंटच्या खांबाला सध्या कपडे वाळत घालण्याची दोरी बांधली आहे. पॅशन फळाची वेल भिंत ओलांडून शेजारी गेली आणि तिकडेच फळते. अननसाचा शेंडा लावला, त्याला नुसती पाने आली, आणि ती मीटर बघायला येणाऱ्या माणसाच्या पोटऱ्यांना टोचतात. अशा या बागेत तुमच्या वेलीने मात्र, मी केलेल्या सर्व उपचारांना न जुमानता, एक हिरवे कणीस धरले. होय, दिसायला ते कणसासारखेच असते, दाण्यांच्या जागी षटकोनी खवले. पिकायला त्याला जवळजवळ वर्ष लागते. (अळू आणि सुरण याच कुळातले. कच्चे असताना या फळात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेला टोचतात. ही माहिती मला आधीपासून होती, हे कृपया लक्षात ठेवावे. पुढे ते महत्त्वाचे ठरणार आहे.)

या वर्षभरात फळाइतकेच माझे लक्ष तुमच्या नातीकडे होते. तुमच्या जुन्या जहाजबंधूंनी तिला त्यांच्या हिशेब तपासनिसाच्या कचेरीत जागा मिळवून दिली, तेव्हा आपण सगळेच निश्चिंत झालो होतो. पण गेल्या काही दिवसांत ती घरात मुकी झाली होती. जेवताना ताटाकडे बघायची. अधूनमधून "बाबा, एक सांगायचं होतं" असे म्हणायची, आणि मी लगेच पुढे सरसावायचो. कचेरीचा विषय असेल तर वरिष्ठांशी कसे बोलावे ते सांगायचो. प्रवासाचा असेल तर कुठली बस कुठे बदलल्यास वेळ वाचतो ते कागदावर काढून दाखवायचो. संध्याकाळी तिचे केस ओलसर असायचे, तेव्हा मी तिला हवेतील आर्द्रता आणि केसांची रचना समजावून दिली. तिचे डोळे लाल दिसायचे, तेव्हा संगणकाच्या पडद्याची उंची समजावून दिली. ती ऐकून घ्यायची आणि खोलीत निघून जायची. अप्पा, मला तिची काळजी वाटत होती हो. इतरांना काळजी वाटली की ते उसासा टाकतात. माझ्या तोंडून स्पष्टीकरण निघते. पोरगी आतल्या आत झिजते आहे हे मला दिसत होते, आणि का, ते काही केल्या समजत नव्हते.

अशातच रविवारी फळाच्या उद्घाटनाचा योग आला. देठाकडचे दोन-तीन खवले सैल झालेले दिसले म्हणून मी फळ तोडून पाण्याच्या पेल्यात उभे करून ठेवले होते. सकाळी पाहतो तर देठाकडचे बरेच खवले टेबलावर गळून पडलेले. मी पद्धतशीर विचार केला. जिथे कापले तिथून सडायला सुरुवात झाली, हे उघड होते. उलट शेंड्याकडचा भाग कसा घट्ट, तुकतुकीत, निरोगी होता. ऊनही त्यालाच जास्त मिळालेले. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई आणि शेजारचे निवृत्त शिंपी यांना मी चवीसाठी बोलावले होते. (शिंपीबुवांना सारी गल्ली मास्तर म्हणते, त्यामुळे खरा मास्तर असूनही मला सर म्हणवून घ्यावे लागते.) मी ताट फिरवून फळाचे दोन भाग केले. गळका अर्धा भाग खतासाठी बाजूला सारला. निरोगी शेंड्याचे खवले सुरीने खरवडून काढले, ते निघता निघेनात. आणि कच्च्या फळातल्या त्या सुईसारख्या स्फटिकांचे वर्णन करत, पाहुण्यांच्या आधी स्वतः चाखावे या शिक्षकधर्माला जागून, मी भला मोठा घास घेतला.

आधी काहीच झाले नाही. मग मास्तरांच्या टाचण्यांची डबी कुणीतरी माझ्या जिभेवर उपडी केली. तशाही अवस्थेत मी पाहुण्यांना प्रक्रिया समजावण्याचा प्रयत्न केला, पण जीभ फुगत चालली होती आणि तोंडातून नुसता वारा येत होता. मास्तर मात्र आदराने मान डोलवत राहिले. हा प्रात्यक्षिकाचाच भाग असावा असे त्यांना वाटले. दंतवैद्यबाईंनी टॉर्च मागवली, जीभ पाहिली, भरपूर चुळा भरायला लावल्या, गार दूध प्यायला सांगितले आणि उद्यापर्यंत एक शब्दही बोलायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. जाताना मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, आज पहिल्यांदा तुमचं सगळं समजलं." त्यांच्या डोळ्यांतला आनंद मला दिसला, पण प्रतिवाद करण्याची सोय नव्हती. मी लिहून उत्तर द्यावे म्हणून पेन शोधू लागलो, तर तुमच्या कन्येने बर्फाची पिशवी माझ्या दोन्ही हातांत दिली आणि ती गालांना नीट दाबून धरायला बजावले. एक हात सोडला की पिशवी घसरायची. अशी माझी लेखणीही गेली.

मग ती औषध आणायला बाहेर पडली आणि मी बोलू नये यावर नजर ठेवायला तुमच्या नातीला बसवून गेली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी आम्ही दोघे समोरासमोर, मध्ये ताटात तो टाकून दिलेला अर्धा भाग. मधूनच एखादा खवला टप्पकन ताटात पडायचा. आणि मग ती, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "बाबा, मी ऑफिस सोडलंय. बरेच दिवस झाले."

माझ्या मनात ताबडतोब मुद्दे तयार झाले, क्रमवार. तोंडातून "हं" एवढेच आले. ती थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि बोलायला अजून जागा शिल्लक आहे हे लक्षात आल्यावर पुढे बोलू लागली. त्या कचेरीच्या जिन्यात शिरताच तिच्या छातीत धडधडायचे. कुणी छळत नव्हते. ती तिथली नव्हती, इतकेच. सोडल्यानंतर घरी सांगवेना, म्हणून ती रोज डबा घेऊन निघायची आणि (मी काढून दिलेल्या मार्गानेच, बस बदलून) नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर जाऊन बाकावर बसायची. एके दिवशी तिथे एक लहान मुलगी पाण्याला घाबरून आकांत करत होती. सगळे तिला समजावत होते. तुमची नात उठली आणि पायरीवर पाण्यात पाय सोडून नुसती तिच्या शेजारी बसली. काही बोलली नाही. थोड्या वेळाने त्या मुलीने आपणहून अंगठा बुडवला. हे तिथल्या प्रशिक्षकांनी पाहिले. आता पाण्याला भिणाऱ्या मुलांचा वर्ग तिच्याकडे आहे, रीतसर नेमणुकीने. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

शेवटी तिने जे म्हटले ते जसेच्या तसे लिहितो. "तुम्ही रागावला असतात तर चाललं असतं, बाबा. पण तुम्ही मला समजावून सांगितलं असतंत. आणि मग मी परत गेले असते."

बर्फ वितळला होता आणि माझे मुद्देही. मी पिशवी खाली ठेवली आणि गारठलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. केस ओले होते. त्याचे कारण मी तिला किती वेळा समजावून दिले होते.

तिने नाक पुसले आणि चाळा म्हणून त्या गळक्या अर्ध्या भागाचा एक खवला उचलला. खालून पांढराशुभ्र गर निघाला. तिने तो चाखला आणि मी न विचारताच सांगितले, की अननस आणि केळे यांच्या मधली चव आहे, फार गोड आहे. सैल खवल्यांखालचा गर तिने आणि तिच्या आईने संपवला. उरलेला भाग जसजसे खवले टाकत गेला, तसतसा दोन-तीन दिवसांत माझ्याही वाट्याला आला. अप्पा, आपण होऊन सुटेल तेवढेच खावे, खरवडू नये, हे तुमच्या 'घाई नको' या दोन शब्दांत होते आणि मला मात्र जीभ खर्चून कळले. फळ पिकले याचा आनंद आहेच, पण मी तुमचे आभार मानतो ते त्याच्या कच्च्या टोकाबद्दल. ते टोक गोड निघाले असते, तर मी त्याच्या चवीवर बोलत बसलो असतो, आणि पोर आजही डबा घेऊन आमच्या नकळत तलावावर जात राहिली असती.

ऐकण्याचा सराव करू लागलेला,
तुमचा जावई

ता. क. कचेरी सोडल्याचे तुमच्या जहाजबंधूंना कसे सांगावे, याची पोरीला धास्ती आहे. त्यांनी तुमच्या शब्दाखातर जागा दिली होती, म्हणून ते तुम्हीच कळवावे ही विनंती. मी मसुदा केला होता, तो फार लांबला. तुम्ही दोन शब्दांत आटपाल.

आणखी एक. मोठ्या माणसांसाठीही तिने शनिवारचा वर्ग काढायचे ठरवले आहे, पण पुरेशी नावे आल्याशिवाय तलावाचे व्यवस्थापक परवानगी देत नाहीत. मी नाव घातले आहे. वस्तू पाण्यावर का तरंगते हे मी वर्षानुवर्षे शिकवले असले, तरी गुडघ्यावर पाणी आले की माझा त्या नियमावरचा विश्वास उडतो. जन्म जहाजावर काढूनही तुम्हाला पोहता येत नाही, हे तुमच्या कन्येने मला विश्वासात घेऊन सांगितले आहे. तेव्हा तुम्ही चार दिवस राहायला यावे आणि माझ्या शेजारी पायरीवर बसावे. तुमच्या गुडघ्यालाही ते मानवेल. (का, ते सांगत नाही.)

मी पाकीट आणि डिंक शोधायला उठतो आहे. तुमच्या कन्येला खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. त्या मी वाचणार नाही.

अप्पा, तुम्ही नक्की या. नात रोज विचारते, अप्पा रागावतील का. मी नाही म्हणून सांगितलंय, मला खोटं पाडू नका. तिचं मला वर्ग सुरू झाला त्याच आठवड्यात कळलं होतं, ओल्या टॉवेलवरून. तूच बाबांना सांग, म्हटलं होतं मी तिला. पण यांच्या बोलण्यात मध्ये फट कुठे सापडते?

आणि त्या फळाचं कुठलं टोक आधी पिकतं, हे मला न कळायला काय झालं? तुमच्या परसातल्या वेलीखालीच खेळले ना मी. यांनी ताट फिरवलं तेव्हा मी समोरच उभी होते. सांगणार होते हो, पण यांचं स्पष्टीकरण चालू होतं.

वेलीला आता दुसरं फळ धरलंय, पानांच्या मागे. यांना अजून दिसलेलं नाही.