लॅपटॉप मीच कोरा केला

प्रिय सूनबाई,

तुझा जुना लॅपटॉप विकला गेला. विकण्याआधी तो कोरा मी केला, माझ्या हाताने. फोनवर सांगितलं असतं तर तू निम्म्यातच "आई, तुम्ही?" म्हणाली असतीस, म्हणून बसून लिहितेय.

तू म्हणाली होतीस तशी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले होते. तो कुणाचा तरी लॅपटॉप उघडून त्यातले फोटो सगळ्यांदेखत सरकवत होता. माझ्या सुनेचं सामान असं उघड्यावर नको, म्हटलं, आणि आल्या पावली परत फिरले. शेजारच्या वहिनींना सांगितलं, लॅपटॉप पुसायचाय, तर त्यांनी ओलं फडकं आणून दिलं.

कपडे बेतायच्या टेबलावर तो मांडला. याच टेबलावर माझ्या टाचण्या एका अंगाला सारून तू परीक्षेचा अभ्यास केलास. एका टोकाला माझी कात्री, दुसऱ्या टोकाला तुझ्या पुलांचे नकाशे. लग्न होऊन आलेली पोर दिवसभर रेघा मारत बसते म्हणून नात्यात कुजबुज चालायची. माझ्या नणंदबाई तर तोंडावर म्हणाल्या, "पूल बांधून घर चालतं का?" मी म्हटलं, "घर मी चालवते, तिला पूल बांधू दे."

आधी सगळं वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवलं. उतरलं म्हणून गप्प बसले नाही, फाईल उघडून उघडून पाहिल्या. कापड कापण्याआधी दोनदा मोजणारी बाई मी. त्यात तुझ्या पहिल्या पुलाचा नकाशा उघडला. कळलं काहीच नाही, पण खाली कोपऱ्यात तुझं नाव होतं. ते वाचत किती वेळ बसले, कुणास ठाऊक. माझ्या लेकाने जहाजावरून पाठवलेले समुद्राचे फोटोही ठेवलेत, जरी मला सगळे एकसारखेच दिसले.

मग तुझ्या खात्यांतून बाहेर पडले, चार्जर लावला आणि 'सगळं काढून टाका' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की का? पुन्हा दाबलं. टक्क्यांचा आकडा निम्म्यावर येऊन जो अडला तो हलेना. वाटलं, घालवलं मी याला. बंद करायला हात पुढे गेला होता, पण मध्येच बंद करू नये हे वाचलेलं, म्हणून हाताला काम दिलं, एका शर्टाची काजं करत बसले. दुपार कलली तेव्हा पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि भाषा कोणती हवी म्हणून विचारू लागला. कोरा करकरीत. तुझी ना ओळख, ना पाळख.

औषधाच्या दुकानातल्या बाईंनी तो लेकीसाठी घेतला. चालू करून बघितला आणि म्हणाल्या, "छान झालाय हो, कुणाकडून करून घेतलात?" मी म्हटलं, "घरच्या घरी. मीच केला." खोटं कशाला सांगू, घरी येईपर्यंत मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आता खरं सांगते. मध्यंतरी तू सहज बोलल्यासारखं बोललीस, की मोठ्या पुलाचं काम तुझ्या हाती द्यायचं साहेब म्हणतात, पण तू नाही म्हणणार. रजा संपत आली, बाळ रांगतंय, नवरा समुद्रावर. आणि वर म्हणालीस, "तुम्हाला कसं बोलावू, आई? या वयात नवं शहर तुम्हाला झेपायचं नाही." मी फोन ठेवला आणि कामाला लागले. कपाट विकलं, टीव्ही विकला, त्याला तू आवराआवर समजलीस. लॅपटॉप तेवढा राहिला होता. शिवणाची गिऱ्हाइकं माझ्या धाकट्या जावेला सोपवली, घराला भाडेकरू पाहिला. तेव्हा साहेबांना हो म्हणून सांग. पुढच्या शनिवारच्या गाडीने मी येतेय. न्यायला येऊ नकोस, तू कामावर जा. पत्ता माझा मी शोधेन.

तुझीच,
गाठोडं बांधून बसलेली,
आई