फ्रीजचं दार

चिमणे,

तुझा गिनीपिग, ठोंब्या, अजून मान वाकडी करून स्वतःभोवतीच गिरक्या घेतो. डॉक्टरांना कारण सापडत नाही. हृदयही ठोके चुकवतंय. "याला फार आनंदसुद्धा झेपायचा नाही," म्हणाले.

फ्रीज उघडला की हा काकडीसाठी शिट्ट्या मारत नाचतो, तुला ठाऊकच आहे. म्हणून भाजी मी खिडकीत ठेवते, फ्रीजला हात लावत नाही. पण तू शिकायला गेल्यापासून घर खायला उठतं गं. आज राहवलं नाही. आत काही नव्हतं, तरी दार उघडलं. वाकड्या मानेने त्याने शिट्टी मारली. कितीतरी दिवसांनी घरात मला कुणी हाक मारली. मग तो शांत होईपर्यंत त्याला छातीशी धरून बसले.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. फोनवर सांगेन, दोघंही मजेत आहोत.

तुझी लबाड
आई