प्रोबर्टच्या कुंपणातलं नववं खोड

१४ जानेवारी
आज माती खाल्ली मी! शेतकरी प्रोबर्टच्या चढावरचं जिवंत झुडपांचं कुंपण, फाटकापासून नववं खोड – कोयता आरपार गेला. लहानपणापासून बाबा एकच सांगत आलेत: बुंध्याशी तिरका घाव घाल, पण सालीची पट्टी राख, मग खोड चढाकडे आडवं कर. त्या पट्टीवरच ते जगतं. पट्टीच तुटली! बाबा वरच्या टोकाला, पाठमोरे. मी खोड तसंच मातीत खुपसलं, वर दोन फांद्या ओढल्या. पालवी फुटेपर्यंत तरी कुणाला कळायचं नाही.

१५ जानेवारी
सांगायचं राहिलं. दिवसभर शेजारी होते बाबा, तरी राहिलं. राहिलं कसलं – सांगितलं नाही.

२ मार्च
कुंपण संपलं. वर हेझल झाडाच्या लवचीक काटक्यांची वेणी घालून झाली. प्रोबर्ट म्हणाला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असं काम अख्ख्या खोऱ्यात कुणाचं नाही. बाबा नुसते हसले. उजवा हात खिशातच. तो हल्ली थरथरतो, आणि मला ते दिसत नाही असं त्यांना वाटतं.

१९ एप्रिल
सगळं कुंपण हिरवंगार, नववं खोड तपकिरी! प्रोबर्टने बाबांची चेष्टा केली – "काय इद्रिस, माझ्या मेंढ्यांना दार ठेवलंस की काय?"
बाबा जवळ गेलेसुद्धा नाहीत. "माझंच ते," म्हणाले. "हात हलला."
आणि मी? बाजूला उभी, मूग गिळून.

२० एप्रिल
बाबांनी कोयता पुसला, तेल लावलं, गोठ्यातल्या खिळ्याला टांगला. "पुरे आता, नेस्ता. लोकांची कुंपणं नासवायला नकोत." साठ वर्षांचं काम, आणि संपवलं मी. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते हेच.

६ मे
रोज ठरवते, आज सांगेन. चहा ओतते आणि कोकरांबद्दल बोलते. बाबा खिडकीशी बसून असतात. जेवण अर्धं टाकतात. लाज वाटते स्वतःची!

११ मे
आज मी कुंपणाकडे गेलेच. खोड उपटून त्यांच्यापुढे टाकायचं, बस्स. मी डावरी – घाव कुणाचा ते बाबा बघताक्षणी ओळखतील.
उपटलं. मग वर नजर गेली. वरच्या टोकाला, बाबांच्या बाजूला, तीन खोडांची पानं कोमेजलेली. तुटलेलं खोडही आतल्या रसावर महिनाभर पालवतं कधी कधी. एक ओढून बघितलं – हातात आलं. दुसरंही. तिसरंही. तिन्ही मातीत खुपसलेली, वर फांद्या ओढलेल्या. अगदी माझ्यासारखीच! घाव उजव्या हाताचे.
तिन्ही उचलली, नवव्याशेजारी गवतात ठेवली.

१२ मे
चारही खोडांची कापलेली टोकं कुऱ्हाडीने उडवली, घाव ओळखू येऊ नयेत म्हणून. मग मोळी नेऊन बाबांपुढे टाकली. "चारही माझीच, बाबा. लपवली होती."
एक खरं सांगायला निघाले होते, सोबत तीन खोटी सांगून आले.
बाबा त्या ताज्या तोडीवरून अंगठा फिरवत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "मग ऑक्टोबरात, हंगाम सुरू झाला की, तुला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल."
संध्याकाळी मी गोठ्यात गेले. खिळ्यावर कोयता नाही.