सगळ्यात भरलेलं अंडं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा (म्हणजे सध्या तुझ्या शेतावरच्या बिनपगारी मास्तराचा) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि लेकीकडचं नवं बाळ, दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे सगळं सुरळीत आहे. शेळीने हजेरीचा कागद खाल्ला, पण मुलं बाराच असल्याने तोंडी भागतं.

जाताना तू म्हणालीस, मुलांच्या शिबिराकडे जातीने लक्ष दे. मी दिलं, तिथेच घोळ झाला. टपालखात्यात तीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला निसर्ग तो किती ठाऊक असणार? पहिल्याच दिवशी कोबीच्या रोपांना फ्लॉवर म्हणालो. मग तुझं कोंबडीपालनाचं पुस्तक वाचलं आणि माझ्या अंगात आलं. खुडूक कोंबडीखाली अंडी बारा, मुलंही बारा. प्रत्येकाला एकेक वाटून दिलं, पेन्सिलीने खूण करायला लावली. मग कोठीच्या खोलीत अंधार करून एकेक अंडं बॅटरीपुढे धरलं. अकरा अंड्यांत शिरा दिसल्या, बारावं काळंकुट्ट. पिल्लू वाढतं तसा आतला अंधार वाढतो, असं पुस्तकात आहे (पान अर्धंच वाचलं होतं). मी जाहीर केलं की हे सगळ्यात भरलेलं, यातून सगळ्यात दांडगं पिल्लू निघणार. ते आलं होतं सगळ्यात धाकटीच्या वाट्याला. ही पोर दिवसभरात चार शब्द बोलत नाही. तेव्हापासून ती रोज खुराड्याशी बसते, मी तिला पिल्लाची खबर देतो आणि ती मान डोलवते.

काल गोठा बघणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, ते ताईंचं प्लॅस्टरचं अंडं, कोंबडीला बसायची गोडी लागावी म्हणून ठेवलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी शिबिर संपतं, त्याच दिवशी अकरा पिल्लं बाहेर येतील आणि ती पोर प्लॅस्टरकडे बघत बसेल. मला ते बघवणार नाही.

बाकी क्षेम. बाळाला आशीर्वाद.

तुझा भाऊ

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की शनिवारी मुलं यायच्या आत ये आणि टोपलीतून एक दिवसाचं पिल्लू आण. दांडगं बघून आण.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी राहवेना, तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नखाने वाजवून बघितलं." मग बोलली का नाहीस, असं विचारलं. "आजोबा, तुम्ही किती खूश होता."

तरीही पिल्लू आणच, ताई. मी त्याचं नाव ठेवून बसलोय.