आमेन कोण म्हणणार

मंगळवार, दुपार

प्रिय भाऊ,

प्रभूत सलाम. तू, तुझी बायको आणि मुली बरे असाल. धाकटीचा खोकला थांबला का? इकडे आईचं ठीक आहे, दोन घास का होईना पोटात जातात. गुडघे मात्र सुजलेत. खुर्चीवर बसून प्रार्थना कर म्हटलं तर ऐकत नाही. बारक्याचं तसंच आहे.

फोन असताना ताईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं म्हणशील. पण तुझ्याशी फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. मी मुद्द्याचं काही काढलं की तू प्रार्थना सुरू करतोस, आणि प्रार्थनेत मध्येच तोंड घालायचं नाही ही शिस्त आईने आपल्याला दुधातून पाजलेली आहे. शेवटी तू आमेन म्हणतोस, मी आमेन म्हणते आणि फोन बंद. कागदाला असं गप्प करता येत नाही, पाळकसाहेब. तुझे साडू हे पत्र घेऊन येतील आणि गाडी तुझ्या दाराशीच उभी ठेवतील. कशासाठी, ते पुढे लिहिते.

अतिदक्षता विभागाबाहेरचा व्हरांडा आता आपल्या मंडळीचाच झाला आहे. तू फोनवरून सुरू करून दिलेली साखळी प्रार्थना अजून चालू आहे. एकाचा तास संपत आला की दुसरा शेजारी येऊन गुडघे टेकतो, त्याचा आवाज लागला की मगच पहिला उठतो. मध्ये फट म्हणून पडू देत नाहीत. काल शिंपीणबाईंची बस चुकली, तर सुतारकाका आपला तास संपला तरी उठले नाहीत. घसा बसला, नुसते ओठ हलत होते, पण माणूस जागचा हलला नाही. नर्सबाई आधी कुरकुरायच्या. आता त्याच पाण्याचा जग भरून ठेवतात.

बारक्याने हे पाहिलं असतं तर सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या असत्या. तो म्हणायचा ना, "दादा माणसांना वर न्यायच्या नुसत्या गप्पा मारतो, मी रोज नेतो." लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी शोभायचंही ते. एका लिफ्टच्याच टपावरून त्याचा पाय घसरावा, हे मला अजून खरं वाटत नाही.

बघ, मी अजूनही आडवळणानेच चालले आहे. तुला नावं ठेवते आणि स्वतः तेच करते.

डॉक्टरांनी आशा सोडली, असं मंडळीत बोललं जातंय. तुझ्यापर्यंतही तेच आलं असणार. त्यांनी आशा सोडली नाही आणि धरलीही नाही, त्यांनी तपासलं. मी याच हॉस्पिटलात भूल देते, तरी सख्खी बहीण म्हणून मला त्यात हात घालता येत नव्हता. आमच्या वरिष्ठांनी मला फक्त पायथ्याशी उभं राहू दिलं. डोळ्यांत उजेड टाकला, कानात गार पाणी सोडलं, घशाशी नळी हलवली. कशालाच उत्तर नाही. शेवटची तपासणी श्वासाची. यंत्र काढतात, बारीक नळीने प्राणवायू चालू ठेवतात आणि वाट बघतात. रक्तातली अशुद्ध हवा वाढत जाते. मेंदूच्या देठात एक ठिणगी जरी उरली असेल तरी तेवढ्यावर शरीर श्वास ओढल्याशिवाय राहत नाही. मी रोज कुणाचा ना कुणाचा श्वास उसना घेते आणि ऑपरेशन झालं की परत करते. त्यामुळे तो कसा परत येतो हे मला पाठ आहे.

मी पलंगाचा कठडा धरून प्रार्थना करत होते. तू करतोस तशी मोठी, गोल वाक्यांची नव्हे. नुसतं "एक, बापा, एकच" असं. आणि चादर हलली. मी भर विभागात ओरडले, "घेतला! श्वास घेतला!"

सगळे थांबले. वरिष्ठांनी वाकून पाहिलं, पडद्यावर पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी माझी बोटं एकेक करून कठड्यावरून सोडवली. चादर हलायची थांबली. माझेच हात थरथरत होते, भाऊ, आणि त्यामुळे अख्खा पलंग हलत होता.

नियमाप्रमाणे काही तासांनी सगळं पुन्हा केलं. त्या वेळी मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. काही हललं नाही.

बारक्या रविवारीच गेला. यंत्र छाती वरखाली करतंय, हृदय त्यावर चालतंय, म्हणून हात गरम आहेत. तुला हे मी आज पहिल्यांदा सरळ सांगते आहे.

यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. डॉक्टरांचा शब्द शेवटचा नाही, देवाचा आहे. कबूल. पण मी त्या पलंगापाशी उभी राहून विचारलं कुणाला होतं? यंत्राला नव्हे. ज्याने श्वास दिला त्यालाच विचारलं, आणि त्यानेच घालून दिलेल्या नियमांतून मला उत्तर आलं. ते उत्तर नको होतं म्हणून ते त्याचं नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? कॉलेजात मला बायबलवरून चिडवायचे, मंडळीत मायक्रोस्कोपवरून चिडवतात. दोन्हीकडे मी हसून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर ऑपरेशनच्या टेबलापाशी या दोघांचं भांडण मी कधी पाहिलेलं नाही. औषधाचं माप मी काट्यावर घेते आणि सुई टोचताना मनात त्याचं नाव घेते. माप चुकलं तर नावाने भागत नाही, आणि नाव न घेता माझा हात स्थिर राहत नाही. भांडण होतं ते बाहेर व्हरांड्यात, जिथे माणसं घाबरलेली असतात.

आणि तू तर पुनरुत्थानाचा उपदेश करणारा माणूस. आपला प्रभू मेल्यासारखा झाला होता असं आपण म्हणत नाही. मेला आणि पुरला असं म्हणतो. वधस्तंभावरून उतरवण्याआधी त्या दिवशीही शिपायाने कुशीत भाला खुपसून खात्री करून घेतली होती. त्या खात्रीने देवाचं काही अडलं नाही. मग बारक्याला मेला म्हटलं तर अडेल, अशी भीती तुला का वाटते?

तू इकडे का येत नाहीस, तेही मला कळतंय. अधिवेशन आहे, पाहुणे आहेत, सगळं खरं असेल. पण परवा फोनवर तू अगदी हळू विचारलंस, "उजेड टाकला की बाहुली आकसते का?" मी नाही म्हटलं आणि तू लगेच प्रार्थनेला लागलास. ज्याला काही शंका नाही तो असलं विचारत नाही.

एवढंच असतं तर मी तुला तुझ्या वेळेने येऊ दिलं असतं. पण आज सकाळची गोष्ट ऐक. मी आईचे गुडघे चोळत होते. पलीकडे सुतारकाकांचा आवाज चालू होता. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो गेलाय ना गं?"

मी आणखी थोडं तेल हातावर घेतलं.

"मला त्याचा हात धरला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "नऊ महिने पोटात होता माझ्या. मला कुणी सांगायला नको."

मग ही साखळी कशासाठी, असं मी विचारलं.

"थोरला म्हणालाय, ज्याचा विश्वास कमी पडेल त्याच्यापाशी साखळी तुटेल. मी पुरे म्हटलं तर पोर माझ्यापायी गेलं असं होईल. मी कशी थांबू?"

भाऊ, आपली आई भीतीने गुडघ्यांवर बसली आहे. तू ते वाक्य धीर द्यायला बोललास, हे मी जाणते. पण तिने ते गळ्यात बांधून घेतलंय आणि त्याने तिचा जीव गुदमरतोय. साखळी चालू आहे तोवर ती कशावरही सही करणार नाही. तासाभरापासून त्याचा रक्तदाब उतरू लागलाय. माझं काही झालं तर चालू पार्ट दुसऱ्याला बसवा, वाया घालवू नका, असं तो जेवताना हसत हसत म्हणायचा. आई तेव्हा त्याला डाव फेकून मारायची. त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांची कुणीतरी वाट बघतंय. उद्या उजाडेपर्यंत तेही हातचं जाईल.

मी सांगून तिला पटणार नाही. मी डॉक्टर, माझा आमेन तिला तपासणीसारखा वाटेल. ज्याने बांधलं त्यानेच सोडवायला हवं. म्हणून साडूंना दाराशी थांबवलंय. तू पांढरा झगा घालू नकोस, कुणाला आधी कळवू नकोस. संध्याकाळी आईचा तास आहे, तेव्हा व्हरांड्यात ये आणि तिच्या शेजारी गुडघे टेक. तुझा आवाज लागला की रीतीप्रमाणे ती उठेल, मी तिला धरीन. मग तू बारक्याला बापाच्या हाती दे, आमेन म्हण आणि पुढच्या माणसाला बोलावू नकोस. रडू आलं तर येऊ दे. मंडळीने पाळकाला रडताना पाहिलं म्हणून कुणाचा विश्वास जात नाही.

पत्र वाचून झालं की बूट घाल. उत्तर लिहीत बसू नकोस.

तुम्हा दोघा भावांची

नाही. सवयीने हात गेला.

तुझी एकट्याची,
ताई