सावकाश उजळणारे तारे आणि आमचे बाबा

ती. मामांस साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या दाढांत वाकून पाहणाऱ्या माणसाने रविवारी तरी सरळ बसावं, असं आईने कळवायला सांगितलं आहे. (तिने याहून बरंच सांगितलं, ते कागदावर मावणार नाही.)

मामा, मी आनंदाने नाचायचीच बाकी आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या! वेधशाळेत मी काचेवर घेतलेल्या आकाशाच्या फोटोंतले ठिपके मोजते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात, मंदावतात, पुन्हा उजळतात. आता जवळचा छोटा दिवा आणि लांबचा मोठा दिवा दिसायला सारखेच, मग खरा मोठा कोणता? पण माझे तारे सगळे एकाच पुंजक्यातले, म्हणजे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. ते मी आलेखावर मांडले आणि अहो, ओळच लागली! जो तारा पुन्हा उजळायला जास्त दिवस घेतो, तो मुळातच जास्त तेजस्वी. म्हणजे नुसते दिवस मोजायचे, की खरं तेज कळलं, आणि ते इथून किती मंद दिसतं त्यावरून अंतर! नियम जुनाच आहे, पुस्तकात आहे, पण आपल्या हाताखाली तो उमटताना पाहिला की तोंड बंद राहत नाही. मी अशी ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दचकून आलेखावर चहा सांडला. (ओळ तरीही दिसत होती!) साहेब धावत आले, ओला कागद उन्हात धरून हसले आणि डोंगरावरच्या वेधशाळेत दोन वर्षं जाल का म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून मोकळी.

आता हे बाबांना सांगायचं आहे, आणि तिथेच घोडं पेंड खातंय. कारण हा नियम आपल्या घरालाही लागू पडतो हो! आई रोज भडकते आणि चहा उकळायच्या आत निवते. शेजारच्या काकू महिन्यातून एकदा, त्या दिवशी आम्ही खिडकी लावून घेतो. बाबा शेवटचे चिडले ते मी शाळेत जायला लागायच्याही आधी, आणि तेव्हा निखळलेलं कपाटाचं दार अजून नीट लागत नाही. जितक्या उशिरा, तितकं जोरात. आता इतक्या वर्षांनी काय होईल, याचा हिशोब तुम्हीच करा.

तुमची भाची

ता. क. तुम्ही बोलता बोलता दाढ उपटता आणि माणसाला घरी गेल्यावर कळतं, असं सगळे म्हणतात. रविवारी येऊन बाबांना तुम्हीच सांगाल का? मी शेजारच्या खोलीत दाराला कान लावून थांबेन.

आणखी एक ता. क. मेहुण्यांस नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं होतं, आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. तिने विचारलं असतं तर उभ्या उभ्या हो म्हटलं असतं. राग आलाच आहे, पण तो पोरीला माझ्याशी बोलायला मध्ये माणूस लागला याचा. तरी तुम्ही याच. तिला गाडीत बसवून दिल्यावर मला एकट्याला घरी यायचं नाही.